दोन अंगठ्यांचे वजन

एका हाताने टाळी वाजत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण आपण बहुधा भांडणाच्या प्रसंगी वापरतो. नवरा-बायकोत खटके उडू लागले, की नातलग आणि शेजारीपाजारी हेच वाक्य उच्चारून दोघांनाही अर्धा अर्धा दोष वाटून देतात आणि मोकळे होतात. परंतु हीच म्हण प्रेमालाही तितकीच लागू पडते, ही गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. भांडणाची टाळी जर एका हाताने वाजत नसेल, तर प्रेमाची तरी कशी वाजावी? आणि तरीही आपल्या अवतीभवती अशी कितीतरी माणसे आहेत, की जी वर्षानुवर्षे एकच हात हवेत हलवीत राहतात आणि त्या हाताने उठलेल्या वाऱ्यालाच टाळी समजतात.

आम्ही उभयता गेली बावीस वर्षे वसईतील आमच्या धर्मग्रामात आणि आसपासच्या धर्मग्रामांत विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिरांच्या निमित्ताने लग्नाळू मुलामुलींशी बोलत आलो आहोत. या शिबिरांत संसाराचे अर्थकारण, सासर-माहेरचे संबंध, मुलांचे संगोपन, कुटुंबातील प्रार्थना, विवाह संस्काराचा अर्थ अशा सर्व विषयांवर व्याख्याने होतात. डॉक्टर येतात, वकील येतात, धर्मगुरू येतात. मात्र एक प्रश्न असा आहे, की जो कुठल्याही वक्त्याच्या वाट्याला दिलेला नसतो. तो चहाच्या सुट्टीत येतो. बहुधा एखादी मुलगी, क्वचित एखादा मुलगाही, इकडेतिकडे पाहत जवळ येतो आणि खालच्या आवाजात विचारतो, "माझा जितका जीव गुंतला आहे, तितका समोरच्याचा गुंतलेला नाही, असं वाटत राहतं. लग्नानंतर होईल ना सगळं ठीक?"

आमच्या मते हा प्रश्न शिबिरातील सर्व व्याख्यानांहून मोठा आहे. दुःखाची गोष्ट अशी, की तो विचारला जातो तेव्हा फार उशीर झालेला असतो. साखरपुडा होऊन गेलेला असतो, सभागृह ठरलेले असते, बँडवाल्याला विसार दिलेला असतो, पाहुण्यांची यादी तीनदा लिहून झालेली असते. अशा वेळी 'होईल ठीक' असे म्हणून पाठीवर हात ठेवणे सर्वांनाच सोयीचे वाटते. आम्हाला मात्र ते सोयीचे उत्तर देववत नाही. ते का देववत नाही, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. दोन माणसांचे प्रेम तराजूच्या दोन पारड्यांत घालून पाहिले, तर काटा मधोमध क्वचितच उभा राहील. माणसामाणसांचा स्वभाव निराळा असतो. एखाद्याचे प्रेम श्रावणातल्या ओढ्यासारखे खळाळते, तर एखाद्याचे आमच्या वाडीतल्या बावखलासारखे शांत असते. वरून हालचाल दिसत नाही, पण खाली पाणी असते. शिवाय एकाच माणसाचे प्रेमही सर्व ऋतूंत सारखे राहत नाही. आजारपण, नोकरीची चिंता, आईवडिलांचे वार्धक्य यांचा त्यावर परिणाम होतोच. म्हणून 'माझे साठ आणि त्याचे चाळीस' असा हिशेब घेऊन बसण्यात अर्थ नाही. भावनेतील असा फरक हे संकट नव्हे. तो तर सहजीवनाचा नित्याचा खेळ आहे.

संकट निराळ्याच ठिकाणी असते. आपल्या मराठीत 'गुंतणे' आणि 'बांधून घेणे' अशी दोन क्रियापदे आहेत. गुंतणे आपोआप घडते. बांधून घेणे मात्र ठरवून करावे लागते. गुंतण्यात कमीअधिकपणा असू शकतो. बांधून घेण्यात तो असू शकत नाही. शब्द एक तर दिलेला असतो किंवा दिलेला नसतो; पाऊण शब्द देता येत नाही. एकाने आयुष्य बांधून टाकलेले आहे आणि दुसरा अजून नुसताच गुंतलेला आहे, आणि ही गोष्ट दोघांपैकी कुणीही उच्चारीत नाही, अशी जी अवस्था असते, तिलाच आम्ही असमान बांधिलकी म्हणतो. तिच्यातील खरे विष असमानतेत नसते. ते न उच्चारण्यात असते.

आमचेच उदाहरण द्यायचे, तर आमची ओळख १९८८ साली चर्चच्या गायकवृंदात झाली. आमच्यापैकी एकाचे मन तीन-चार महिन्यांतच ठरून गेले. दुसऱ्याचे ठरायला जवळजवळ दीड वर्ष लागले. (येथे 'एक' आणि 'दुसरा' हे शब्द केवळ व्याकरणाच्या सोयीसाठी पुल्लिंगी आले आहेत, त्यावरून वाचकांनी तर्क करू नये. आमच्या मुलांनाही आम्ही हे गुपित अद्याप सांगितलेले नाही.) पहिल्याने विचारले, तेव्हा दुसऱ्याने सरळ सांगितले, की आवड आहे, आदर आहे, पण आयुष्याचा निर्णय अजून झालेला नाही. खोटा होकार देणार नाही आणि खोटी आशाही लावणार नाही. पुढच्या ईस्टरपर्यंत मुदत हवी. त्यानंतर होय किंवा नाही, यांपैकी एक शब्द नक्की मिळेल.

ते ऐकून पहिल्याला वेदना झाल्या नाहीत, असे नाही. गायकवृंदाच्या सरावाहून परतताना केळीच्या बागांमधली ती वाट कित्येक दिवस फार लांब वाटत असे. परंतु ती वेदना स्वच्छ होती. मुदत असलेली प्रतीक्षा आणि बेमुदत ताटकळणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मुदतीच्या प्रतीक्षेत माणूस ताठ मानेने उभा राहू शकतो. बेमुदत ताटकळताना तो हळूहळू वाकत जातो. उपवासकाळ सरला, ईस्टर आला आणि शब्द मिळाला. तो 'नाही' असता, तरी त्या दुसऱ्या व्यक्तीविषयी मनात आदरच राहिला असता, असे पहिल्याने पुढे अनेकदा बोलून दाखविले आहे.

आता दुसरे उदाहरण. ते आमच्या धर्मकन्येचे आहे आणि तिच्या अनुमतीनेच येथे देत आहोत. ती मुंबईच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. पहाटेच्या गाडीने वसई रोडहून निघावे, रात्री परतावे, असा तिचा दिनक्रम. तिचे ज्याच्यावर प्रेम होते, तो मुलगा जहाजावर नोकरीला होता. आठ-नऊ महिन्यांचे कंत्राट, मग तीन महिन्यांची सुट्टी. सहा वर्षे हे चालले. प्रत्येक सुट्टीत ती लग्नाचा विषय काढी आणि प्रत्येक सुट्टीत उत्तर येई, "पुढच्या खेपेला बघू." त्याने कधी नाही म्हटले नाही. कधी होयही म्हटले नाही.

या सहा वर्षांत ती काय करीत होती? त्याच्या आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा रात्रपाळी करून आल्यावर दुपारी त्या माउलीच्या उशाशी हीच बसली. त्याच्या बहिणीच्या लग्नात पाहुण्यांच्या पानांकडे हीच पाहत होती. घरातील देवघरापुढच्या जपमाळेला त्याच्या घरी हजर, आणि गावाच्या सणालाही हजर. सून न होता सुनेची सर्व कामे ती करीत होती. आपण इतके केल्यावर तरी त्याचे मन ठरेल, ही तिची आशा होती. आणि सारे गाव तिला त्या घरची समजत असल्याने दुसरे स्थळ घेऊन कुणी दाराशी आले नाही. फोनवर आपला संदेश वाचल्याच्या दोन निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर आले नाही, की तिचा दिवस काळवंडून जाई. वॉर्डातल्या रुग्णांसमोर ती हसतमुख असे. आमच्या ओटीवर येऊन मात्र गप्प बसून राही.

अखेरीस एका सुट्टीत तिने त्याला मुदत दिली. गावचा सण होईपर्यंत एक शब्द दे, एवढेच ती म्हणाली. सणाच्या आदल्या संध्याकाळी तो आला आणि म्हणाला, की तू फार चांगली आहेस, तुझ्यात काहीच उणे नाही, पण माझे मन आतून तयार होत नाही. ते का होत नाही, हे मलाही सांगता येत नाही. तिने त्याला चहा दिला, दारापर्यंत पोहोचविले आणि दुसऱ्या दिवशी मिस्सेला नेहमीच्या जागी बसली. त्यानंतरचे वर्ष तिने कसे काढले, ते आम्ही जवळून पाहिले आहे. गावातील काहींनी तिच्यातच खोट शोधली. काहींनी तिला सल्ला दिला, की आणखी वर्षभर कळ काढायची होतीस, पुरुषाचे मन वळायला वेळ लागतो. सहा वर्षे जणू वेळच नव्हता!

त्या मुलावर सारे खापर फोडावे, असे आम्हाला वाटत नाही. तो लबाड नव्हता. लबाड माणूस खोटा शब्द देतो. याने शब्दच दिला नाही. सवय, उपकार, गावाची अपेक्षा आणि तिचा चांगुलपणा या साऱ्यांच्या ओघात तोही वाहत गेला. कमी गुंतलेल्या माणसालाही दुःख असते. आपल्यावर होणाऱ्या प्रेमाचे ओझे त्याच्या खांद्यावर असते आणि ते उतरवून ठेवण्याचे धैर्य त्याला होत नाही. परंतु त्याचे मौन हे निरुपद्रवी नव्हते. त्या मौनात दुसऱ्या कुणाच्या तरी आयुष्याची वर्षे खर्ची पडत होती.

या विषयाचा अभ्यास समाजशास्त्रज्ञांनीही केला आहे. विलार्ड वॉलर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या कुटुंबविषयक ग्रंथात एक साधा नियम मांडला. कोणत्याही नात्यात ज्याला ते नाते टिकविण्यात कमी रस असतो, त्याच्याच हाती त्या नात्याची सूत्रे जातात. आपल्या वाडवडिलांनी हेच निराळ्या शब्दांत सांगितले होते: गरजवंताला अक्कल नसते. ज्याला नाते तुटण्याचे भय अधिक, तो प्रत्येक लहानसहान बाबतीत माघार घेतो. भेटायचे केव्हा, फोन कुणी करायचा, रुसवा कुणी काढायचा, क्षमा कुणी मागायची, सारे एकाच बाजूने होऊ लागते. वरून पाहणाऱ्याला हे प्रेम वाटते. वस्तुतः ती भीती असते.

अमेरिकेतीलच स्कॉट स्टॅन्ली आणि हॉवर्ड मार्कमन या मानसशास्त्रज्ञांनी १९९२ साली बांधिलकीचे दोन धागे वेगळे करून दाखविले. एक धागा समर्पणाचा: मला या व्यक्तीबरोबर राहायचे आहे म्हणून मी राहतो. दुसरा धागा अडकण्याचा: आता बाहेर पडणे अवघड आहे म्हणून मी राहतो. पुढे २००६ साली गॅलेना ऱ्होड्स यांच्यासह त्यांनी आणखी एक भेद मांडला. काही जोडपी ठरवून पुढचे पाऊल टाकतात, तर काही नुसतीच घसरत पुढे जातात. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवर पाय ठेवावा आणि खालच्या पायरीवर जाऊन पोहोचावे, तसे हे असते. खाली पोहोचलो, एवढ्यावरून आपण उतरलो असे म्हणता येत नाही. घसरत लग्नापर्यंत आलेल्या जोडप्यात एकाचे समर्पण असते आणि दुसऱ्याचे नुसतेच अडकणे असते. 'होईल ना ठीक' हा प्रश्न त्या फटीतूनच येतो.

येथे आपल्या जुन्या पद्धतीविषयी एक शब्द लिहिणे अगत्याचे वाटते. पूर्वी आपल्याकडे मध्यस्थ असत, दोन्ही घरची वडीलधारी माणसे एकत्र बसून बोलणी करीत. या पद्धतीत दोष पुष्कळ होते. मुलीचा होकार अनेकदा तिच्या वतीने तिचा बाप किंवा मामाच देऊन टाकी. ते दिवस परत यावेत, असे आम्ही कदापि म्हणणार नाही. परंतु त्या पद्धतीत एक गुण होता. मुलगी पाहून गेल्यावर आठ-पंधरा दिवसांत निरोप द्यावाच लागे. अनिश्चिततेला मर्यादा होती. आज मुलेमुली स्वतः निवड करतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण निरोप मागणारा मध्यस्थ नाहीसा झाला आणि निरोप मागण्याची सारी जबाबदारी त्या एकाच व्यक्तीवर येऊन पडली, जिला त्या निरोपाची सर्वांत अधिक भीती वाटते.

पवित्र शास्त्राच्या वाचकांना या दुःखाची ओळख नवी नाही. उत्पत्तीच्या पुस्तकातील लेआ आठवावी. याकोबाने राहेलसाठी सात वर्षे लाबानाची चाकरी केली आणि लग्नाच्या रात्री लाबानाने त्याला थोरली लेआ दिली. पुढे राहेलही मिळाली, त्यासाठी आणखी सात वर्षांची चाकरी करावी लागली. या कथेत आपण नेहमी याकोबाची फसवणूक मोजतो. लेआचे काय? जिला कुणी मागितले नव्हते, अशा घरात ती नांदायला गेली. तिच्या मुलांची नावे पाहिली, तर एका स्त्रीच्या मनाचा सारा प्रवास त्यांत सापडतो. रऊबेन जन्मला, तेव्हा आता तरी पती माझ्यावर प्रेम करील, असे तिला वाटले. शिमोनाच्या वेळीही आपण नावडती असल्याचे दुःख तिच्या मनात होतेच. लेवी या तिसऱ्या मुलाच्या नावात तर जोडले जाण्याचाच अर्थ आहे; आता तरी पती माझ्याशी जोडला जाईल, ही तिची आशा होती. चौथा मुलगा झाला, तेव्हा मात्र तिने पतीचे नावच घेतले नाही. या वेळी मी परमेश्वराची स्तुती करीन, असे म्हणून तिने त्याचे नाव यहूदा ठेवले.

आम्हाला या चौथ्या नावाचे नेहमी नवल वाटते. तीन मुले देऊनही प्रेम विकत घेता आले नाही, हे तिला कळले. आपली किंमत दुसऱ्याच्या नजरेत शोधण्याचे तिने थांबविले आणि तिथेच तिची मान वर झाली. याच यहूदाच्या वंशात पुढे दाविद जन्मला आणि त्याच वंशात प्रभू येशू. अखेरच्या क्षणी याकोबाने मुलांना सांगितले, की मला मखपेलाच्या गुहेत पुरा, जिथे मी लेआला पुरले आहे. ज्या राहेलवर त्याचा जीव होता, ती बेथलेहेमच्या वाटेवर एकटी निजली आहे. आयुष्यभर दुसरी ठरलेली लेआ मात्र अखेर त्याच्या शेजारी आहे. परंतु याचा अर्थ असा नव्हे, की आपल्या लेकींनी लेआप्रमाणे सोसत राहावे. लेआला कुणी विचारले नव्हते. आपल्या लेकींना आणि लेकांना विचारता येते, आणि विचारले जायला हवे.

विचारण्याचे हे महत्त्व ख्रिस्तसभेच्या कायद्याने फार पूर्वीच जाणले आहे. १९८३ च्या धर्मनियम संहितेतील १०५७ क्रमांकाचा नियम सांगतो, की विवाह घडतो तो उभयतांच्या संमतीने, आणि ही संमती दुसरी कोणतीही मानवी सत्ता पुरवू शकत नाही. या वाक्यावर थोडे थांबायला हवे. आईवडील ती पुरवू शकत नाहीत, धर्मगुरू पुरवू शकत नाहीत, बिशप पुरवू शकत नाहीत. आणि, हे आम्ही विशेष आग्रहाने सांगत असतो, जो अधिक प्रेम करतो तोही ती दुसऱ्याच्या वतीने पुरवू शकत नाही. आपण दुप्पट प्रेम केले म्हणजे दोघांचे मिळून पुरेसे होईल, हा हिशेब पुष्कळांच्या मनात असतो. तो चुकीचा आहे. दोन सह्यांच्या कागदावर एकाच माणसाने दोनदा सही केली, तर तो कागद पुरा होत नाही.

त्याच संहितेतील १०६२ क्रमांकाचा नियमही आपल्या कुटुंबांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. लग्नाचे वचन दिले, म्हणून लग्न लावूनच द्या, असा दावा कुणालाही करता येत नाही. वचनभंगाने नुकसान झाले असेल, तर त्याची भरपाई मागता येते. माणूस मात्र मागता येत नाही. साखरपुड्यानंतरही 'नाही' म्हणण्याचा मार्ग ख्रिस्तसभेने खुला ठेवला आहे. तो बंद करतो, तो आपण, लोकलज्जेची कडी लावून.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेतही या स्वतंत्र संमतीचा एक तेजस्वी दाखला आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० साली. मधली पाच वर्षे दोघांनीही काय भोगले, ते 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. तो विषय श्रद्धेचा होता, प्रेमाच्या होकाराचा नव्हता, हे आम्ही जाणतो. परंतु पतीचा निर्णय आपोआप पत्नीचा झाला नाही. तिचा निर्णय तिच्याच पायांनी चालत आला, आणि म्हणूनच तो तिचा होता, एवढा धडा त्यातून खचित घेता येतो. बांधिलकीची गती दोघांची निराळी असू शकते. पाऊल मात्र प्रत्येकाने आपलेच टाकावे लागते.

या संदर्भात आम्ही शिबिरात एका नाटकाची गोष्ट सांगतो. पोलंडमधील क्राकोचे तेव्हाचे साहाय्यक बिशप कारोल वोयतिवा, म्हणजेच पुढे झालेले पोप संत जॉन पॉल दुसरे, यांनी १९६० साली टोपणनावाने एक नाटक प्रसिद्ध केले. 'सोनाराचे दुकान' असा त्याच्या नावाचा अर्थ. त्यातील आन्ना नावाच्या स्त्रीचा संसार थंड पडलेला आहे. पतीचे आपल्याकडे लक्ष नाही, ही सल मनात घेऊन ती आपली लग्नाची अंगठी विकायला सोनाराकडे जाते. सोनार अंगठी तराजूत घालतो, तर वजन शून्य! तो तिला समजावतो, की तुझा पती हयात असला पाहिजे. दोघे जिवंत असताना एकट्या अंगठीला वजनच नसते, माझ्या तराजूत दोन्ही अंगठ्या मिळूनच वजन भरते.

आन्नाच्या बाबतीत ही गोष्ट लग्नानंतरची आहे. शब्द दिलेला आहे. आता एकाचे प्रेम ओसरले, तरी दोन अंगठ्यांचे ते एकत्र वजन दोघांनाही पेलायचे आहे. संसारात असे दिवस येतात आणि जातात. आमच्याही संसारात आले. एकाच्या दीर्घ आजारपणात सारा भार दुसऱ्यावर होता आणि आजारी माणसाकडून दोन गोड शब्दही मिळत नव्हते. ते दिवस निभावले, कारण ईस्टरचा तो शब्द दोघांचाही होता. अर्थात जिथे मारहाण आहे, जिवाला धोका आहे, तिथे सोसत राहणे म्हणजे बांधिलकी नव्हे. अशा प्रसंगी वेगळे राहण्याची मुभा ख्रिस्तसभेचा कायदाही देतो. परंतु लग्नापूर्वीच्या तरुण-तरुणींना हीच गोष्ट आम्ही उलट बाजूने सांगतो. दुसरी अंगठी तराजूत पडलेलीच नसेल, तर आपली अंगठी कितीही जड सोन्याची घडविली, तरी काटा हलणार नाही. म्हणून अंगठ्या घडवायला टाकण्यापूर्वी विचारा.

कसे विचारावे? जो अधिक गुंतला आहे, त्याने आरोप न करता, रडगाणे न गाता, सरळ विचारावे आणि मुदत द्यावी. मुदत संपल्यावर उत्तर आले नाही, तर तेच उत्तर समजावे. सेवा करून, भेटी देऊन, स्वतःला लहान करून होकार मिळविण्याच्या फंदात पडू नये. अशा रीतीने मिळालेला होकार ही उपकाराची फेड असते, आणि फेड पुरी झाली की माणूस मोकळा होऊ पाहतो. जो कमी गुंतला आहे, त्याने बोलावे. 'तिला वाईट वाटेल' म्हणून गप्प राहणे ही दया नव्हे. आज एक वाईट दिवस टाळण्यासाठी आपण तिची पुढची वर्षे खर्च करीत असतो. निर्णय झाला नसेल, तर झाला नाही असे म्हणावे. वेळ हवा असेल, तर किती, तेही सांगावे.

आणि आपण, वडीलधाऱ्यांनी, धर्मग्रामातील कुटुंबांनी काय करावे? पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या 'अमोरिस लेटिशिया' या बोधपत्रात विवाहाच्या तयारीविषयी लिहिताना म्हटले आहे, की ज्या नात्याचे अपयश आणि त्यातून येणारे दुःख आधीच दिसत आहे, ते नाते मोडण्यातील शहाणपण त्या जोडप्याला उमगावे, असेच मार्गदर्शन त्यांना मिळायला हवे. आपण नेमके उलटे करतो. मोडलेला साखरपुडा आपण मुलीच्या नावावर डाग म्हणून नोंदवून ठेवतो, आणि त्या डागाच्या भीतीने किती मुली आणि मुलेही नको असलेल्या मांडवात उभी राहतात, याचा हिशेब मात्र ठेवीत नाही. मोडलेला साखरपुडा हे मोडलेल्या संसारापेक्षा फार लहान दुःख आहे. ज्यांनी वेळेवर 'नाही' म्हटले आणि ज्यांनी ते ऐकून घेतले, त्या दोघांनाही आपण सन्मानाने वागविले, तर पुढच्या मुलामुलींना विचारण्याचे धैर्य येईल. आमची धर्मकन्या आज तेहतीस वर्षांची आहे. तिचे लग्न झालेले नाही. ती आपल्या वॉर्डाची प्रमुख आहे, रविवारी वेदीवरून वाचन करते आणि तिचा आवाज आता कापत नाही. तरीही मिस्सेनंतर कुणीतरी तिला हमखास विचारते, "मग, तुझं कधी?" हा प्रश्न तेवढा आपण थांबवू या, एवढी आमची नम्र विनंती आहे.

लग्नापूर्वी चर्चमध्ये वधूवरांच्या नावांची घोषणा होते. हरकत असणाऱ्यांनी ती कळवावी, असे आवाहन केले जाते, आणि ते आवाहन इतरांसाठी आहे, असे समजून वधूवर खाली मान घालून हसत असतात. आम्हाला वाटते, ते आवाहन सर्वांत आधी त्या दोघांसाठी असते. दोन नावे वाचली जातात, ती वेगवेगळी वाचली जातात. पुढे विवाहविधीतही संमती प्रत्येकाने आपल्या तोंडाने, आपले नाव घेऊन द्यायची असते. त्या क्षणी बँड थांबलेला असतो, आईवडील मागच्या बाकावर असतात आणि अधिक प्रेम करणाऱ्यालाही गप्प उभे राहून दुसऱ्याचा आवाज ऐकावा लागतो. तो आवाज ऐकण्याची सवय त्या दिवसाच्या पुष्कळ आधी लागलेली बरी.